कॉलरवरचा भुसा

१

वृक्ष विभागात तिच्या टेबलावरच्या पाटीवर चांगला लांबलचक हुद्दा लिहिलेला होता, पण शाळांमधली मुलं तिला भुंगेबाई म्हणायची आणि हळूहळू साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. लोकांच्या डोक्यात किडा सोडायचा मला पगार मिळतो, असं ती स्वतःच सांगायची.

किडा होताही तसाच. परदेशातून आलेल्या सामानाच्या खोक्यांतून, त्यांच्या कच्च्या फळ्यांतून तो शहरात शिरला होता. हिरवा, त्यावर सोनेरी झाक, बोटाच्या नखाएवढा. कानात घालावा इतका देखणा. इथल्या जुन्या झाडांच्या सालीखाली तो अंडी घालायचा, अळ्या आतून लाकूड खात जायच्या, आणि झाड मात्र बाहेरून टवटवीत दिसायचं. पालवी फुटायची, पाखरं बसायची, सावली पडायची. मग एखाद्या दिवशी वारा नसताना ते मोडून पडायचं आणि आत पोकळी निघायची. ज्या देशातून भुंगा आला तिथल्या झाडांनी त्याच्याशी जमवून घेतलं होतं. इथल्या झाडांना या पाहुण्याचं काय करायचं हेच माहीत नव्हतं.

हे सगळं ती शाळांत, वाचनालयांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये जीव तोडून सांगायची. सालीवर बारीक भोक दिसलं, बुंध्याशी पिठासारखा भुसा दिसला, तर लगेच आम्हाला कळवा. आणि काही झालं तरी लाकूड इकडून तिकडे हलवू नका. शेवटी ती आपलं ऐकायचं यंत्र काढायची. एका टोकाला बटणाएवढी चकती, दुसऱ्या टोकाला हेडफोन. किडलेल्या फांदीवर चकती टेकवली की आतल्या अळ्यांचं खाणं ऐकू यायचं. शेजारच्या खोलीत बसून कुणीतरी सावकाश, मन लावून टोस्ट खातंय, असा तो आवाज. चुळबुळी मुलंसुद्धा तो ऐकताना एकदम गप्प व्हायची.

प्रत्येक नव्या भाषणाची रंगीत तालीम काकांसमोर व्हायची. काका म्हणजे तिच्या मावशीचे यजमान. लहानपणी आईवडील गेल्यावर या दोघांनी तिला वाढवलं. काका शहरात बस चालवायचे, आणि सुट्टीच्या दिवशी ही त्यांच्या मागच्या सीटवर बसून फिरायची, म्हणून ते अजून तिला कंडक्टर म्हणायचे. ते राहायचे त्याच रस्त्यावरून त्यांची बस जायची. दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या बसच्या टपाला घासायच्या आणि काका दरवेळी उगाचच मान खाली घालायचे. निवृत्त झाल्यावर पायी चालतानाही त्यांची ती सवय गेली नव्हती.

२

रविवारी ती मावशीकडे जेवायला जायची. पुढच्या खोलीत मावशीचं शिलाई मशीन, त्याच्या भोवती लोकांचे उसवलेले, घट्ट झालेले, लांब पडलेले कपडे. मागच्या खोलीत पलंग, काकांची वेताची खुर्ची आणि परसाकडे उघडणारी खिडकी. खिडकीबाहेर एक जुनं झाड होतं. रस्त्यावरच्या झाडांचंच भावंड, फक्त वाट चुकून घरामागे आलेलं, असं काका म्हणत.

त्या हिवाळ्यात काका फार आजारी पडले होते. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन काय ते सांगितलंही होतं. पण एका सकाळी ताप उतरला आणि काका उठून बसले. तेव्हापासून त्यांची तब्येत सुधारतच गेली होती. रंग उजळला, सांधे दुखायचे थांबले. आता तर ते स्वतः चहा ठेवायचे आणि मावशीच्या शिलाईला नावं ठेवायचे.

त्या रविवारी वाढायच्या आधी मावशी कपड्यांचा ब्रश घेऊन काकांच्या मागे उभी राहिली आणि तिने त्यांची कॉलर झटकली. अगदी सहज, रोजचं काम असल्यासारखी. काकांनीही न बोलता मान पुढे केली.

भुंगेबाई बघत होती. कॉलरवरून काहीतरी बारीक, पिवळसर खाली पडलं. कोंडा असेल, तिच्या मनात आलं. किंवा मावशीचा खडू. पण मावशीचा खडू निळा होता. जेवताना ती इकडचं तिकडचं बोलत राहिली आणि ताटं उचलताना वाकून तिने ते बोटाला लावून पाहिलं. वास घ्यायची गरज नव्हती. दिवसभर तिच्या नखांत हेच असायचं.

काका परसात काहीतरी तासत बसले असतील, तिने स्वतःला सांगितलं. हात धुवून ती तशीच झाड बघायला गेली.

३

झाड निरोगी होतं. तिने बुंधा सगळीकडून पाहिला, सालीवरून हात फिरवला, मुळांशी वाकली. एकही भोक नाही, भुसा नाही. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून तिने पिशवीतून यंत्र काढलं, हेडफोन चढवले आणि चकती बुंध्यावर धरली. आत शांतता होती. निरोगी झाडाची शांतता तिला ओळखता यायची. ती रिकामी नसते, भरलेली असते.

काका खुर्चीतून उठून आले. माझं झाड काय म्हणतंय बघू तरी, असं काहीसं त्यांच्या ओठांवर दिसलं, आणि बुंध्यावर हात टेकताना त्यांचा तळवा नेमका चकतीवर पडला.

टोस्ट खाल्ल्याचा आवाज आला.

शाळेतल्या फांदीत येतो तसा लांबून नाही. कानाशी. एकाचा नाही, पुष्कळांचा. सावकाश, मन लावून.

काकांनी हात काढला. शांतता.

तिने हेडफोन सारखे केले. मग हसत, लहानपणी डॉक्टर डॉक्टर खेळायची तशी, चकती त्यांच्या मनगटावर धरली.

"डॉक्टरीण झालीस का गं आता, कंडक्टर?" काका म्हणाले, पण तिला ते नीट ऐकू आलं नाही. त्यांच्या शब्दांपेक्षा आतलं खाणं मोठं होतं.

तिने हेडफोन काढले, वायर गुंडाळली आणि झाड एकदम ठणठणीत आहे असं सांगितलं. काकांना आनंद झाला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नेहमीसारखे केस विस्कटले. हात ऊबदार होता. हीच गोष्ट तिला बसमध्ये घरापर्यंत पुरली. हात ऊबदार होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

४

सोमवारी ऑफिसात जाऊन तिने यंत्राची बॅटरी बदलली. वायर बदलली. मग भिंतीवर, टेबलावर, पाण्याच्या पिंपावर चकती लावून पाहिली. सगळीकडून जे यायला हवं तेच आलं. म्हातारपणी सांधे कुरकुरतात, पोटात आवाज होतात, काकांनी हातात नवं घड्याळ घातलं असेल, अशी एकेक कारणं ती काढत होती आणि एकेक खोडत होती. घड्याळ त्यांनी निवृत्तीच्या दिवशी काढून ठेवलं होतं ते पुन्हा घातलंच नव्हतं.

समोरच्या टेबलावर बसणारी नकाशेवाली, म्हणजे कुठल्या भागात किती झाडं गेली त्याचे नकाशे रंगवणारी तिची मैत्रीण, तिचा हा खटाटोप बघून हसत होती. तिने गमतीने आपला हात पुढे केला. भुंगेबाईने चकती तिच्या मनगटावर ठेवली.

धप, धप, धप. मऊ, एकसारखं, जाड गादीवर कुणी मुठी मारल्यासारखं.

मग तिने स्वतःच्या मनगटावर लावलं. तेच. फक्त जरा जास्त घाईचं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की काल काकांच्या मनगटातून तिने काय ऐकलं यावर ती रात्रभर विचार करत होती, पण काय ऐकलं नाही याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

नकाशेवालीने विचारलं, पांढरी का पडलीस. चहा प्यायले नाही म्हणून, असं उत्तर देऊन ती उठली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ती न सांगताच मावशीकडे गेली. काका परसात झाडाखाली डुलकी काढत होते. उन्हात बसू नका असं कुणी सांगितल्यासारखं त्यांनी खुर्ची सावलीत ओढून घेतली होती. तिने जवळ जाऊन त्यांची मान एका बाजूला कलंडली होती ती सरळ केली, आणि खुर्ची थोडी मागे घ्यावी म्हणून दोन्ही हातांनी उचलायला गेली. काकांसकट खुर्ची उचलली गेली. वाळत घातलेली चादर दोरीवरून काढावी तितक्या सहज. ती घाबरून थांबली आणि तिने ती अलगद खाली ठेवली.

आत मावशी पलंगावरची चादर बदलत होती. ती मदतीला गेली. गादी उचलली तेव्हा खाली एक फळी दिसली. पाठ दुखते म्हणून गेल्या वर्षी काकांनी कुठल्याशा दुकानामागे टाकलेल्या खोक्याची फळी आणून गादीखाली घातली होती. कच्च्या लाकडाची, एका कडेला परक्या भाषेतली पुसट अक्षरं. फळीच्या मधोमध, माणसाची पाठ जिथे टेकते तिथे, बारीक बारीक भोकं होती. सगळी जुनी. सगळी रिकामी.

भुंगेबाई फळीकडे बघत राहिली. मावशी तिच्याकडे.

"कळलं तुला," मावशी म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. "बरं झालं. एकटीने सांभाळून मी थकले होते."

मग ती जे बोलली ते खाली बघत, हातातल्या चादरीची घडी मोडत आणि पुन्हा घालत बोलली. आजारपणातल्या त्या सकाळी ती चहा घेऊन या खोलीत आली, तेव्हा पलंगाकडे बघताक्षणी तिला समजलं होतं. इतकी वर्षं शेजारी झोपलेलं माणूस. हात लावून बघायचीही गरज नव्हती. तिने कप खाली ठेवला, दार लोटलं आणि पुढच्या खोलीत मशीनवर जाऊन बसली. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, काही सुचेना. म्हणून तिने समोर पडलेला कुणाचा तरी सदरा शिवायला घेतला. बाह्या लावल्या, कॉलर लावली, काजं केली. शेवटचं बटण लावत होती आणि आतून हाक आली.

"काय म्हणाले?" भुंगेबाईने विचारलं.

"म्हणाले, चहा पार गार झालाय."

"मग?"

"मग काय. मी गरम करून दिला."

बाहेर काका जागे झाल्याचा आवाज आला. मावशीने डोळे पुसले, भिंतीवरच्या खिळ्यावरून ब्रश काढला आणि ती परसात गेली.

६

नियम काय आहे ते भुंगेबाईला कुणी सांगायला नको होतं. तीच तो लोकांना सांगायची. किडलेलं झाड तोडायचंच, अंगणातलं लाडकं असलं तरी आपण माया धरायची नाही, कारण एक वाचवायला गेलं की सबंध रस्ता जातो. हे वाक्य ऐकून एकदा एक आजोबा हॉलमधून उठून गेले होते, आणि तेव्हा तिला त्यांचा थोडा रागही आला होता.

आठवडाभर ती रोज संध्याकाळी मावशीकडे जात राहिली. काका तेच होते. हेच तर सगळ्यात अवघड होतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची नक्कल त्यांना तशीच जमत होती. तिला लहानपणी उन्हात चक्कर आली तेव्हा त्यांनी प्रवाशांसकट बस दवाखान्यात नेली होती, ती गोष्ट ते तशीच, त्याच जागी थांबत, त्याच जागी हसत सांगत होते. फक्त बोलता बोलता कधी गप्प झाले की त्या शांततेत, खूप कान दिला तर, यंत्राशिवायही काहीतरी ऐकू यायचं.

एका संध्याकाळी मावशी कुणाचे तरी कपडे पोचवायला गेली असताना काकांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, की हे तुझे भुंगे बाहेर कधी पडतात.

"ऊन तापायला लागलं की," ती म्हणाली. त्यांच्याकडे बघायचं तिने टाळलं.

"म्हणजे आता लवकरच." काकांनी मान हलवली. "मला त्रास काही नाही, कंडक्टर. उलट एकटं म्हणून वाटत नाही. पण तुझी मावशी समोर नसताना विचारतो. ते बाहेर पडले की आधी कुठे जातील?"

तिने खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. त्याच्यापलीकडे, घरांच्या मधून, रस्त्यावरच्या झाडांचे शेंडे दिसत होते. नवी पालवी होती. तिला उत्तर द्यावं लागलं नाही.

"मग असं नको," काका म्हणाले. "जन्मभर त्यांच्या सावलीतनं बस चालवली मी. तुमच्याकडे काही उपाय असेलच की."

उपाय होता. संशय असलेले ओंडके विभागात बारीक तारेच्या जाळीत गुंडाळून ठेवत. भुंगे बाहेर पडले तरी जाळीतच राहत, आणि मग जाळीसकट त्यांना शीतखोलीत नेत. हे सांगताना तिचा आवाज मध्येच फुटला. काकांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि थोपटत राहिले. तिचा कान त्यांच्या छातीजवळ आला होता. तिने डोळे मिटून घेतले आणि कान तिथेच राहू दिला.

७

जाळी तिने आणली, शिवली मावशीने. तारेतून सुई जाईना, बोटांतून रक्त आलं, तरी तिने भाचीला हात लावू दिला नाही. पलंगाला खालून-वरून पूर्ण वेढणारं घर तिने शिवलं. सगळ्या शिवणी दुहेरी, कोपऱ्यांना आतून पट्टी, आणि एका बाजूला आत शिरायला तोंड, त्याला आतून-बाहेरून दोन्हीकडून बांधायच्या नाड्या. काका खुर्चीत बसून टेलरबाईंच्या कामातल्या चुका काढत होते. तिथे झोळ आलाय, इथे तिरकं गेलंय. मावशीने एक बाजू उसवून पुन्हा शिवली.

ज्या दिवशी सकाळपासूनच ऊन चटका देऊ लागलं, त्या दिवशी काका दाढी करून, धुतलेला सदरा घालून पलंगावर आडवे झाले. खिडकी बंद केली. मावशीने नाड्या बांधल्या. दोघी जाळीबाहेर, पलंगाशेजारी खुर्च्या टाकून बसल्या. काका थोडा वेळ बोलत होते. मग त्यांनी तहान लागली आहे का असं दोघींनाच विचारलं. मग ते बोलायचे थांबले आणि खोलीत फक्त तो आवाज राहिला. दुपारपर्यंत तो इतका वाढला की खिडकीची काच थरथरू लागली.

आणि मग तो एकदम थांबला.

भुंगेबाईने असं थांबणं याआधी ऐकलं होतं. ओंडक्यांत. याच्यानंतर काय होतं ते तिला ठाऊक होतं.

मावशी उठली. भाचीला वाटलं ती खोलीबाहेर जाते आहे. पण मावशीने चप्पल काढली, केस घट्ट बांधले, नाड्या सोडल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत वाकून जाळीत शिरली. आतून तिने एकेक नाडी पुन्हा बांधून घेतली.

"मावशी, बाहेर ये."

"आजपर्यंत कधी एकटं सोडलं नाही त्यांना," मावशी आतून म्हणाली. ती पलंगावर काकांच्या शेजारी बसली होती. त्यांचा हात तिने मांडीवर घेतला होता. "तू बाहेरून नीट बघ. कुठे फट राहिली नाही ना."

भुंगेबाई गुडघ्यांवर बसली आणि शिवणीवरून बोट फिरवत पुढे सरकू लागली. तिने ठरवलं होतं की आत बघायचं नाही, आणि बहुतेक वेळ तिने पाहिलं नाही. काकांच्या सदऱ्याच्या कॉलरपाशी काहीतरी हिरवं-सोनेरी चमकलं, तेवढं दिसलं. मग बाहीपाशी. मग खोलीत पानांतून ऊन यावं तसा उजेड हलायला लागला, खिडकी बंद असूनही. जाळीवर आतून बारीक, कोरडी टपटप सुरू झाली. तिने शिवण सोडली नाही. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, चारी बाजूंनी, रडत, तिने सगळी शिवण तपासली. कुठेही फट नव्हती. आत मावशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, आणि मध्ये मध्ये थांबत होती, समोरच्याचं ऐकून घेताना थांबतात तशी.

८

ऊन उतरल्यावर मावशी बाहेर आली. नाडी एवढीशीच सैल करून, अंग चोरून, झटकत झटकत. आपल्याला काही चिकटलंय का ते तिने भाचीकडून केसांपासून पावलांपर्यंत बघून घेतलं. काही नव्हतं. जाळीची घडी मात्र तिने कुणाला घालू दिली नाही. खोलीचं दार आतून लावून तिने एकटीनेच सगळं आवरलं, आणि दार उघडलं तेव्हा पलंगावर एक लहानसं गाठोडं होतं, दुहेरी शिवलेलं. शेजाऱ्यांना ती पुढे काय सांगणार होती ते भुंगेबाईने विचारलं नाही.

गाठोडं आतून हलत होतं. ते घेऊन ती निघाली, तर मावशी आतून एक राखाडी स्वेटर घेऊन आली.

"तिकडे फार गारठा असतो म्हणालीस," ती म्हणाली. "त्यांना थंडी सोसत नाही."

विभागाच्या शीतखोलीचा रखवालदार सही घेऊन चहाला गेला. भुंगेबाईने गाठोडं मांडणीवर ठेवलं, स्वेटर त्याच्यावर पसरला, चारी बाजूंनी नीट दाबला आणि बाहेर येऊन दार लावलं. टपटप जाड दारातूनही ऐकू येत होती. तिने दारावर तळवा ठेवला आणि उभी राहिली. तिच्या कामातला हा सगळ्यात साधा भाग होता. थंडीने ते सुस्तावतात, मग थांबतात. रस्त्यावरची झाडं वाचतात. तिने कितीतरी वेळा शाळांमध्ये हे सांगितलं होतं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

टपटप विरळ होत गेली. मग थांबली. ती तरीही उभी राहिली. सगळं उरकलं याची खात्री करणं हेही तिचंच काम होतं, म्हणून शेवटी तिने दार उघडलं आणि आतला दिवा लावला.

गाठोडं होतं तिथेच होतं. स्वेटर तिने नुसता वरून पांघरला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. आता त्याच्या बाह्या भरलेल्या होत्या. दोन्ही बाह्या छातीशी घट्ट दुमडलेल्या होत्या, गारठलेलं माणूस दुमडून घेतं तशा.

ती दारात उभी राहिली. पळून जावं असं वाटलं, पण पाय तिकडे गेले नाहीत. ती आत गेली, वाकली, स्वेटरची कॉलर वर ओढून तिने गळ्याशी नीट बसवली आणि वरचं बटण लावलं. मग दिवा मालवला आणि बाहेर येऊन दार हळूच, आवाज न करता लावून घेतलं.